परसदारातील धुरीची लोखंडी मांडणी: धातू कोणता घ्यावा आणि वर्षभर ती कशी वापरावी?

गोराईचे_परसदार

नमस्कार. आमचे घर गोराई गावात आहे, बैठे आणि जुने. मागे वीस-बावीस फुटांचे परसदार आहे. एक आंबा, दोन माड आणि धुण्याचा दगड सोडला तर बाकी जागा मोकळी आहे. पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला खाडी, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे दाराच्या कड्यांपासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळ्यालाच गंज चढतो. प्रश्नाशी संबंध असल्यामुळे हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या दिवाळीनंतर मी मासे आणि कोंबडी धुरावर शिजवण्यासाठी एक मांडणी स्वतः तयार केली. कपाटासाठी आणलेले स्लॉटेड अँगल (ओळीने भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या) घरात पडून होते. त्यांचे चार पाय केले, नटबोल्टने तीन कप्पे बसवले, प्रत्येक कप्प्यावर हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली जी.आय.ची जाळी तारेने बांधली, तीन बाजूंना पत्रा लावला आणि समोर ओले गोणपाट सोडले. खाली कोळशाची मातीची शेगडी आणि निखाऱ्यांवर आंब्याच्या वाळलेल्या फांद्यांचे तुकडे, एवढीच रचना होती. पौष-माघात या मांडणीवरचा बांगडा इतका चांगला होत असे, की रविवारचे जेवण आम्ही परसदारातच करू लागलो.

अडचणी नंतर सुरू झाल्या. मी माशाला मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ लावतो. काही आठवड्यांनी जाळीवर पांढरी भुकटी दिसू लागली आणि ती माशाच्या कातडीला चिकटून येऊ लागली. जुलैमध्ये पाऊस दोन दिवस उघडला म्हणून कोंबडी लावली, तर तिच्यावर डांबरासारखा काळा थर बसला आणि ती इतकी कडू झाली की कोणालाही खाता आली नाही. गणपतीनंतर मांडणीवरचे प्लास्टिक काढले तेव्हा बोल्ट गंजून एकजीव झाले होते, आणि गेल्या रविवारी मधली जाळी तुटून सुरमईच्या सहा तुकड्या राखेत पडल्या.

ही मांडणी मोडून आता नवी करायची आहे आणि ती निदान आठ-दहा वर्षे टिकावी अशी इच्छा आहे. समुद्राजवळ कोणता धातू घ्यावा, आकार कसा ठेवावा, पावसाळ्यात धुरी देणे शक्य आहे की ते चार महिने सोडूनच द्यावेत, आणि शेजारच्या दोन घरांना धुराचा त्रास होऊ नये म्हणून काय करावे, याबद्दल ज्यांनी स्वतः हे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कुर्ल्याचा_फॅब्रिकेटर

सर्वांत आधी एक विनंती करतो. ती जी.आय.ची जाळी आजच काढून टाका आणि तिच्यावर पुन्हा काहीही शिजवू नका. जी.आय. म्हणजे साध्या लोखंडावर जस्ताचा थर. तुम्हाला दिसलेली पांढरी भुकटी ही त्या जस्ताचीच आहे. आगळासारखा आंबट पदार्थ आणि मीठ एकत्र आले की जस्त विरघळू लागते, त्यामुळे निखारा पेटण्याच्या आधीच ते माशाला लागलेले असते. त्यात जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते, आणि वारा लागलेला निखारा त्याहून कितीतरी अधिक तापतो. आमच्या धंद्यात जी.आय. पाइपवर बंद जागेत वेल्डिंग केले की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, हे प्रत्येक कारागिराला ठाऊक आहे. त्यावर दूध पिण्याची पद्धत आहे, परंतु खरा उपाय तो धूर छातीत न घेणे हाच आहे. जी गोष्ट आम्ही वेल्डिंगच्या वेळी टाळतो, ती जेवणाखाली कशी ठेवावी? स्लॉटेड अँगलवरही रंग किंवा जस्ताचा थर असतोच, म्हणून तेही पुन्हा वापरू नका.

आता धातूविषयी. माझ्या मते सांगाडा आणि पेटी साध्या लोखंडाची, म्हणजे एम.एस.ची, करावी आणि अन्नाला लागणारा भाग तेवढा स्टेनलेस स्टीलचा ठेवावा. संपूर्ण मांडणी स्टेनलेसची केली तर खर्च तिप्पट-चौपट होतो आणि पेटीच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण जाड लोखंड उष्णता धरून ठेवते आणि आच कमी-जास्त झाली तरी आतले तापमान एकदम बदलत नाही. सांगाड्याला २५ × २५ × ३ मिलिमीटरचा अँगल आणि बाजूंना १६ गेजचा, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा काळा पत्रा घ्यावा. पातळ पत्रा पहिल्याच हंगामात वाकडा होतो आणि दार बसेनासे होते.

जाळीसाठी स्टेनलेस घेताना ३०४ ग्रेडचे मागा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. बाजारात २०२ ग्रेडचे स्टीलही तसेच चकचकीत दिसते, पण त्यात निकेल कमी असते आणि खाऱ्या हवेत ते लवकर डागाळते. लोहचुंबक लावून पाहण्याची सवय अनेकांना आहे. त्याने या दोघांतला फरक कळत नाही, कारण चुंबक दोन्हींना चिकटत नाही. चांगल्या दुकानात थेंब टाकून तपासण्याचे द्रावण असते, ते टाकायला सांगावे. जाळी म्हणून विणलेली बारीक तार घेऊ नका. ६ मिलिमीटरच्या सळया १२ ते १५ मिलिमीटरच्या अंतराने चौकटीत वेल्ड करून घ्या. त्या घासता येतात आणि वाकत नाहीत.

वेल्डरला दोन गोष्टी निक्षून सांगाव्या लागतात, नाहीतर ३०४ घेऊनही गंज दिसतो आणि दोष मालाला दिला जातो. लोखंड घासलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसवर चालवू नये, कारण तिच्यातले लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि तेथून तांबूस ठिपके सुरू होतात. तसेच सांध्याजवळ तापून आलेला निळसर-तपकिरी पट्टा तसाच न ठेवता पिकलिंग पेस्टने (वेल्डिंगचे डाग काढणाऱ्या आम्लाच्या लेपाने) किंवा घासून पूर्ण काढून टाकावा.

आकाराविषयी थोडक्यात सांगतो. आतून दीड फूट रुंद, दीड फूट खोल आणि चार फूट उंच पेटी चार-पाच माणसांच्या घराला पुरते. खाली खेचून बाहेर काढता येईल असा निखाऱ्यांचा ट्रे ठेवावा, त्याच्यापासून निदान दीड फूट वर पहिली जाळी, आणि मध्ये एक तिरका पत्रा असावा, म्हणजे चरबी निखाऱ्यांवर न पडता एका बाजूच्या भांड्यात उतरते आणि आच थेट माशाला लागत नाही. हवा आत येण्यासाठी खाली सरकत्या झाकणाची दोन भोके आणि वर ७५ मिलिमीटरचा पाइप, त्यावर पावसाची टोपी. जाळ्या कायमच्या जोडू नयेत. आतल्या बाजूला अँगलच्या पट्ट्या लावून त्यांवर जाळ्या ड्रॉवरसारख्या सरकवता याव्यात. मुंबईत मांडणी टिकण्याचे अर्धे रहस्य तिचा प्रत्येक भाग काढून, धुऊन, घरात नेऊन ठेवता येण्यात आहे. तुम्हाला तर सामान बोरिवलीच्या बाजूने बोटीने न्यावे लागेल किंवा भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने फिरवून आणावे लागेल. म्हणून पेटीचे खालचा, मधला आणि वरचा असे तीन भाग वेगळे करून घ्या, जे एकमेकांवर बसतील. दोन माणसांना ते सहज उचलता येतात.

वेसाव्याची_कोळीण

भाऊ, धातूचे काम वर नीट सांगितलेले आहे, म्हणून मी मासळीकडून सुरुवात करते. आमच्याकडे वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला, बोंबील सुकवण्याच्या बांबूच्या वलांड्या असतात. दोन बोंबलांची तोंडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर घालतात; एकाला दुसरा चिकटणार नाही आणि चारही बाजूंनी वारा लागेल, एवढाच त्यामागचा विचार आहे. धुरीच्या मांडणीलाही हाच नियम लागू पडतो. जाळीवर आडवा ठेवलेला बांगडा खालून ओला राहतो, चिकटतो आणि उलटताना फाटतो. तुम्ही पेटीत जाळ्यांच्या जोडीने वरच्या भागात चार-पाच सुट्या सळयाही बसवून घ्या. सळई कल्ल्यातून तोंडात काढून अख्खा बांगडा उभा टांगला, तर त्याला जाळीची गरजच लागत नाही आणि धूर सगळीकडे सारखा बसतो. तुकड्या, कोलंबी आणि कोंबडी यांच्यासाठी जाळी असू द्यावी.

तुमची जुलैतली कोंबडी कडू का झाली, याचे उत्तर हवेत आहे. धूर ओल्या कातडीवर नीट बसत नाही. तो पाण्यात मिसळून तिथे आंबट-कडवट थर तयार करतो. मीठ लावलेली मासळी धुऊन, पुसून, कोरड्या वाऱ्यावर ठेवली की तिच्यावर पातळ, किंचित चिकट आणि चमकदार अशी साय धरते, आणि त्या सायीवर धुराचा रंग सोनेरी येतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या कोरड्या वाऱ्यात हे दीड-दोन तासांत होते. पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली असल्यामुळे दिवसभर ठेवूनही साय धरत नाही आणि मासळी मात्र बिघडायला लागते. त्या दिवसांत मासळी फ्रिजमध्ये झाकण न ठेवता, ताटावर जाळी ठेवून, रात्रभर राहू द्यावी. फ्रिजमधली हवा कोरडी असते, तिथे साय धरते.

मिठाचे प्रमाण मी असे ठेवते: एक लिटर पाण्यात ७० ते ८० ग्रॅम मीठ, त्यात अख्खा बांगडा एक तास आणि तारली अर्धा तास. आगळ लावायचे असेल तर ते मासळी शिजल्यावर वरून लावा, कारण आंबट रसाने कातडी मऊ पडते आणि पुन्हा पाणी सुटते. बांगडा, तारली, रावस अशी तेलकट मासळी धुराला चांगली. ओला बोंबील धुरीला लावू नका, त्याच्यात पाणीच इतके असते की तो सळईवरून गळून पडतो.

एक गोष्ट मात्र मी फार काळजीने सांगते. बांगडा आणि तारली पकडल्यापासून पेटीत जाईपर्यंत बर्फावर असली पाहिजे. ही मासळी उन्हात दोन-तीन तास राहिली तर तिच्यात असा पदार्थ तयार होतो, की खाल्ल्यावर तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते आणि डोके दुखते. आणि तो पदार्थ शिजवून किंवा धुरी देऊन जात नाही. परदेशी पाककृतींत थंड धुरीची पद्धत असते, म्हणजे ३० अंशांच्या खाली मासळी न शिजवता फक्त धुरावर ठेवायची. मुंबईत ती करू नये. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा २६-२७ अंश असतात, पेटीच्या आत तर आणखी जास्त. गरम धुरीच द्यावी. सुरुवातीला भोके पूर्ण उघडी ठेवून अर्धा तास मंद आच, मग पेटी ८० अंशांच्या आसपास न्यावी, आणि मासळीच्या जाड भागात ६३ अंश झाल्यावर ते तापमान अर्धा तास टिकू द्यावे. त्यासाठी टोचून पाहण्याचा थर्मामीटर घ्या, हाताच्या अंदाजावर राहू नका. अशी मासळी सुक्या मासळीसारखी टिकाऊ नसते. ती फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावी.

आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात येणारी बरीच मासळी शीतगृहातली किंवा बाहेरून आलेली असते. त्या दोन महिन्यांत मी मासळीला धुरी देतच नाही. नारळी पौर्णिमेनंतर ताजा बांगडा मिळू लागला की पुन्हा सुरू करते.

गोराईचे_परसदार

दोघांचेही मनापासून आभार. जाळी काल काढून टाकली. ताई, अख्खा बांगडा सळईवर टांगण्याची कल्पना मला सुचलीच नसती, आणि आगळ आधी लावण्याची माझी चूकही आता लक्षात आली.

आणखी दोन शंका आहेत. एका ओळखीच्या गृहस्थांनी २०० लिटरचे लोखंडी पिंप फुकट देऊ केले आहे. पेटी करण्याऐवजी तेच आडवे कापून वापरले तर चालेल का? दुसरे असे की मागच्या बाजूला पत्र्याची एक लहान खोली आहे, तीन बाजूंनी बंद. पावसाळ्यात मांडणी आत घेऊन तेथेच धुरी देता येईल, असे घरच्यांचे म्हणणे आहे.

कुर्ल्याचा_फॅब्रिकेटर

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. बंद किंवा अर्धवट बंद खोलीत कोळसा पेटवू नका. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि माणसाला गुंगी येते तेव्हा आपल्याला काय होते आहे हे त्याला कळत नाही. मुंबईत पावसाळ्यात लोक शेगडी गॅलरीत किंवा जिन्याखाली घेतात, हे पाहून मला फार भीती वाटते. पावसाळ्यात करायचेच असेल तर वर उंच छप्पर आणि निदान तीन बाजू पूर्ण उघड्या असलेली जागा हवी. चार खांबांवर आठ-नऊ फूट उंचीचा पत्रा टाकला तर तेवढे पुरेसे आहे.

पिंपाविषयी सांगायचे तर ते पिंप कशाचे होते, हे खात्रीने कळल्याशिवाय हात लावू नका. रसायने, रंग किंवा कीटकनाशके भरलेल्या पिंपाचा अंश कितीही जाळले तरी पूर्ण गेला असे म्हणता येत नाही. शिवाय रिकाम्या पिंपात ज्वलनशील वाफ राहिलेली असू शकते आणि ग्राइंडर किंवा गॅस-कटर लावताच स्फोट होऊ शकतो. खाद्यतेलाचे किंवा मधाचे पिंप असेल, तरीही आतून मारलेला लेप मोकळ्या जागेत मोठा जाळ करून पूर्ण जाळावा लागतो आणि नंतर पत्रा उघडा पडेपर्यंत घासावा लागतो. गोराईसारख्या दाट वस्तीत असा जाळ शेजाऱ्यांना सहन करायला लावणे मला योग्य वाटत नाही. साधा काळा पत्रा घेऊन पेटी करणे सरळ पडते. दारूखान्याच्या जहाज-भंगार बाजारात किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात तुकडे मिळतात, ते स्वस्तही पडतात. फक्त जुन्या जहाजाचा रंगवलेला पत्रा घेऊ नका, त्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते.

पेटी तयार झाल्यावर आतून रंग देऊ नका. पोळीचा नवा लोखंडी तवा जसा तेल लावून तापवून तयार करतात, तसेच पेटीचे करायचे. त्यासाठी जवसाचे तेल वापरावे. घरात खोबरेल असते म्हणून लोक तेच लावतात, परंतु खोबरेल तापवूनही घट्ट होत नाही, चिकटच राहते. जवसाचे तेल हवेत आणि उष्णतेत कडक, पातळ थर धरते. अगदी पातळ हात मारून, दोन तास चांगली आच देऊन, थंड होऊ द्यावे. असे तीन-चार वेळा केले की आतला पत्रा काळा आणि कोरडा दिसू लागतो. बाहेरून उष्णता सहन करणारा ॲल्युमिनियम रंग द्यावा आणि दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी तो पुन्हा तपासावा.

मरोळ_गावठाण

मी मरोळ गावठाणात राहतो आणि गेली बारा वर्षे आमच्या आवारात अशीच पेटी वापरतो. नाताळसाठी डुकराचे मांस आणि इतर वेळी कोंबडी असे माझे काम असते. वरच्या सूचनांत मला एका ठिकाणी वेगळे सांगायचे आहे. मरोळला साध्या लोखंडाची पेटी टिकली, कारण समुद्र दूर आहे. तुमच्या घरापासून समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर निखाऱ्यांचा ट्रे आणि तळाचा पत्रा या दोन ठिकाणी जाडीत काटकसर करू नका. राख ओली झाली की तिच्यातून क्षार सुटतात आणि खाऱ्या हवेच्या जोडीने ते एका पावसाळ्यात पत्र्याला भोके पाडतात. माझा पहिला ट्रे असाच गेला. तळ ३ मिलिमीटर जाडीचा घ्या, आणि प्रत्येक वेळी पेटी थंड झाल्यावर त्याच दिवशी राख काढून टाका. विटांवर ठेवून पेटी जमिनीपासून सहा इंच उंच असावी. प्लास्टिकने घट्ट गुंडाळणे ही तुमच्या मांडणीच्या गंजाची मोठी चूक होती, कारण आत अडकलेली वाफ बाहेर जाऊच शकत नाही. वरून पत्र्याचे छप्पर द्या आणि बाजूंनी वारा खेळू द्या. जाळ्या आणि सळया मात्र गोड्या पाण्याने धुऊन, पुसून घरात ठेवा. ३०४ स्टीलसुद्धा मिठाच्या थराखाली डागाळते, त्याला वरचेवर धुणे हाच इलाज आहे.

आता शेजाऱ्यांविषयी, कारण या प्रश्नाकडे माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे. पांढरा, दाट धूर निघत असेल तर लाकूड नीट जळत नाही असे समजावे. त्याच धुराने मांसही कडू होते आणि शेजारीही वैतागतात. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर हवा. त्यासाठी लाकूड खडखडीत वाळलेले असावे आणि पेटीला हवा पुरेशी मिळावी. लाकूड पाण्यात भिजवण्याची पद्धत अनेक ठिकाणी सांगितलेली असते. तिचा उपयोग नाही, पाणी वरच्या थरातच राहते आणि आधी नुसती वाफ निघते. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेले सुके लाकूडही हवेतली ओल शोषते, म्हणून वर्षाचा साठा एप्रिल-मेमध्ये उन्हात वाळवून, हातभर लांबीचे तुकडे करून, झाकणाच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवावा.

लाकूड आंबा, पेरू, जांभूळ किंवा बाभूळ यांचे घ्यावे. पेरूचा धूर सौम्य असतो, तो मासळीला चांगला. बाभळीची आच कडक असते, ती मांसाला. कोळशात नारळाच्या करवंट्यांचा कोळसा उत्तम, सोडणांचा (नारळावरच्या काथ्याच्या सालींचा) धूर मात्र घशाला लागतो. काजूची टरफले कधीही टाकू नका, त्यांच्यातले तेल कातडीला आणि श्वासाला इजा करते. कण्हेर विषारी आहे. भरतीबरोबर वाहून आलेले लाकूड मिठाने भरलेले असते, ते अन्नालाही वाईट आणि धातूलाही. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड आणि खोक्यांची खिळे मारलेली लाकडे यांपैकी काहीच नको. खाडीतली तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, तोडण्यावर बंदी आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात ती ठामपणे घातलेली आहे. वाळलेली फांदी दिसली तरी तिकडे जाऊ नये. आपल्या परसदारातला आंबा छाटायचा असेल तरी शहरी भागासाठीच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली पालिकेची परवानगी लागते. पालिकेने छाटलेल्या फांद्या मागून घेणे हा सोपा मार्ग आहे.

वेळ निवडताना वारा पाहावा. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, पण हवा थंड आणि स्तब्ध असल्यामुळे धूर वर न जाता जमिनीलगत पसरून राहतो. ऊन तापल्यावर, साधारण दहानंतर, तो वर उचलला जातो. दुपारी समुद्रावरून वारा सुरू होतो आणि धूर पूर्वेकडच्या घरांवर जातो. म्हणून हिवाळ्यात मी दहाच्या सुमारास पेटवतो आणि धुराचे काम बारा-साडेबारापर्यंत संपवतो, पुढे फक्त निखाऱ्यांची आच राहते. ऑक्टोबरमध्ये हवा स्वच्छ पण उष्मा फार, तेव्हा मांस पेटीत जाईपर्यंत बर्फावर ठेवावे. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा इतका जोरात असतो की खालची भोके जवळजवळ बंद करूनही आच भडकते. पेटीचे दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला असू द्या, निम्मा त्रास तेथेच संपतो. गेल्या काही वर्षांत डिसेंबर-जानेवारीत मुंबईची हवा वाईट असते, हेही मनात ठेवायला हवे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. तो आदेश व्यावसायिकांसाठी होता, परंतु हवा सगळ्यांची एकच आहे. धुरके दिसत असेल त्या रविवारी मी पेटी लावत नाही, आणि नाताळखेरीज महिन्यातून दोनदापेक्षा जास्त लावत नाही. शेजारच्या घरात दम्याचे आजोबा आहेत. त्यांना आदल्या दिवशी विचारल्याशिवाय मी आजवर एकदाही पेटवलेले नाही.

मांसासाठी पेटी ११० ते १३० अंशांवर धरावी. कोंबडी आत ७४ अंशांना झाली समजावी. डुकराचा खांदा मात्र ९० ते ९५ अंशांपर्यंत न्यावा लागतो, तेव्हाच तो हाताने सुटतो, आणि त्याला आठ-नऊ तास लागतात. मध्येच ६५-७० अंशांवर तापमान एक-दोन तास हलत नाही, कारण मांसातून निघणारी वाफ त्याला थंड करत असते. या वेळी घाबरून निखारे वाढवू नयेत. थर्मामीटर झाकणाजवळ लावू नका, तो जाळीच्या उंचीवर असावा. माझ्या पेटीत या दोन जागांत वीस अंशांपर्यंत फरक पडतो.

गोराईचे_परसदार

सर्वांचे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवले. पिंपाला नकार कळवला आहे आणि बंद खोलीचा विचार सोडून दिला आहे. पेटी तीन भागांत, तळ ३ मिलिमीटरचा, जाळ्या ३०४ च्या आणि वर चार सुट्या सळया, असा आराखडा कागदावर काढला. आमच्या पूर्वेच्या शेजाऱ्यांकडे तान्हे बाळ आहे, म्हणून पेटी परसदाराच्या ईशान्य कोपऱ्यातून हलवून पश्चिमेच्या भिंतीजवळ, आंब्यापासून दूर ठेवण्याचे ठरवले. तरीही दुपारचा वारा त्यांच्याकडेच जाईल. पाइप सहा फुटांपर्यंत उंच केला तर धूर वरून निघून जाईल का, की त्यामुळे पेटीतली आच ओढली जाईल?

कुर्ल्याचा_फॅब्रिकेटर

दोन्ही होईल. पाइप जितका उंच तितकी ओढ जास्त, म्हणून पाइपच्या बुडाशी फिरवून कमी-जास्त करता येणारी एक चकती बसवून घ्या. धुरी चालू असताना ती निम्म्याहून अधिक उघडी ठेवावी, आच खालच्या भोकांनीच कमी करावी. वरची चकती बंद केली की धूर आत कोंडतो आणि पुन्हा तोच कडवट थर बसतो. सहा फुटांचा पाइप खाऱ्या वाऱ्यात हलू नये म्हणून त्याला भिंतीकडून दोन पट्ट्यांचा आधार द्या. वरची टोपी वेल्ड करू नका, ती काढता आली पाहिजे, कारण पावसाळ्याच्या आधी पाइप आतून खरवडून काजळी काढावी लागेल. आणि शेजारच्या बाळाचा विचार करता, दुपारचा वारा सुरू होण्याच्या आत धुराचे काम संपेल अशी मासळी निवडा. बांगड्याला पेटवण्यापासून उतरवण्यापर्यंत अडीच तास पुरतात. डुकराच्या खांद्यासाठी मात्र ते कुटुंब गावाला गेल्याचा दिवस पाहा.